न्यूट्रलमध्ये नाचणारी एस्टीम

गाडी जुनी, इंजिन नवं, आणि सिग्नलला उभी राहिली की बॉनेटखाली लेझीम सुरू! गेल्या वर्षभरात हे गाऱ्हाणं इतक्या जणांकडून ऐकलं, की म्हटलं चला, एकदाचं या सदरात घेऊनच टाकू. बाबांची जुनी गाडी बाहेर काढायची आणि तिचं इंजिन नव्यानं बांधून घ्यायचं, हा फंडा सध्या जाम जोरात आहे. पूर्वी हा शौक पद्मिनी आणि अॅम्बेसेडरवाल्यांचा होता. आता ज्यांच्या लहानपणीच्या ट्रिपा झेन, एस्टीम नि जिप्सीतून झाल्या ती पिढी कमावती झालीय, आणि तिच्या लेखी 'क्लासिक' म्हणजे याच गाड्या. गंमत अशी, की यांच्यात कार्बोरेटर नाही. २०००च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुतीच्या पेट्रोल गाड्या एकापाठोपाठ एक एमपीएफआय झाल्या. म्हणजे दिसायला जुन्या, पण डोक्यात छोटासा संगणक. त्यांचे नखरे पद्मिनीसारखे स्क्रू फिरवून जात नाहीत.

एकच केस नीट सांगतो. बाकीच्यांनी आपापल्या गाडीला लावून बघा.

दोस्त हिंजवडीत नोकरीला, घर साताऱ्याचं. गाडी २००१ची मारुती एस्टीम, एमएच-११ पासिंग, त्याच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. १९९०मध्ये आलेल्या मारुती १०००चा हा पुढचा अवतार. १९९४ ते २००७ या काळात ही गाडी बनली आणि तालुक्याच्या गावात डॉक्टर, वकील, कारखान्याचे संचालक यांच्या दारात दिमाखात उभी राहिली. १.३ लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं इंजिन. अजूनही हायवेला असं काही पळतं, की नव्या हॅचबॅकवाल्यानं आरशात दोनदा बघावं. पण ऑइल प्यायला लागली, निळा धूर आला. मग इंजिन सांगलीला नेलं. सांगलीलाच का? तर अण्णांची पहिली स्कूटर, साताऱ्यातच जुळणी झालेली प्रिया, तिच्यापासूनचे मिस्त्री सांगलीत. साताऱ्यात गॅरेजची कमी नाही, पण अण्णांचा विश्वास एकाच माणसावर.

मिस्त्रींनी काम रीतसर केलं. बोअर मारला, ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा टाकल्या, हेड फेस करून घेतलं, व्हॉल्व्हच्या सीट कापल्या, नवा टायमिंग बेल्ट, नवी हेड पॅकिंग. पॅकिंगचा सेट दोस्तानं ऑनलाइन मागवून दिला होता. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी घरी आली. धूर बंद, पिकअप झक्कास. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की सगळं आलबेल. पण दहा मिनिटं चालवून इंजिन गरम झालं आणि गाडी उभी केली, की आरपीएमचा काटा १००० वरून १८०० वर, परत १०००, परत १८००. वूंऽऽ, वूंऽऽ, वूंऽऽ. तासवडे टोलच्या रांगेत पुढचा ड्रायव्हर खाली उतरून विचारायला आला, "काय साहेब, घाई आहे का?"

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. पंपावरचा पोरगा म्हणाला, इथेनॉलनं गाडी मारली. साताऱ्यातल्या एका गॅरेजनं स्लोचा स्क्रू ढिला करून बघितला (आयडलिंगला आपल्याकडे सगळे 'स्लो'च म्हणतात). त्यानं काटा जरा कमी नाचायला लागला, पण सकाळी थंड इंजिन बंद पडायला लागलं. म्हणजे एका दुखण्याची दोन झाली. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ईसीएम गेलाय, जुना मिळवून टाकू, १४ हजार. तिसऱ्यानं कळस केला. "इंजिनकाम फसलंय, परत उघडावं लागेल."

हे शेवटचं अण्णांना लागलं. पैशांपेक्षा माणूस जास्त लागला. सांगलीला फोन केला तर मिस्त्रीही दुखावले. "माझ्या कामात खोट काढायची असेल तर गाडी दुसरीकडं दाखवा की." झालं! तीस वर्षांचा घरोबा आणि बोलणं बंद. अण्णा म्हणायला लागले, विकून टाक. मुलगा म्हणाला, थांबा जरा. आणि मला फोन केला.

फोनवर मी एकच प्रश्न विचारला, एसी लावल्यावर काय होतं?

म्हणाला, "हेच तर कळत नाही. एसी लावला की एकदम शांत होते."

बॉस, ही जी विचित्र गोष्ट आहे ना, तिच्यातच अर्धं उत्तर होतं.

नाचणं वेगळं, थरथरणं वेगळं

'रफ आयडलिंग' या एका नावाखाली दोन वेगळे आजार लोक ढकलतात. एक म्हणजे थरथर: काटा जवळपास जागेवर, पण स्टिअरिंग नि सीट हलतेय, सायलेन्सरला फट्, फट् असा खंड पडतोय. यात बहुधा एखादा सिलिंडर नीट काम करत नाही, गाडी मिसिंग करतेय. प्लग, लीड, कॉइल, इंजेक्टर, टॅपेट, कॉम्प्रेशन, या दिशेनं शोधायचं. दुसरा म्हणजे नाच: सगळे सिलिंडर ठणठणीत, पण काटा वर-खाली. इथे इंजिन आजारी नसतं, हवेचा हिशेब चुकलेला असतो.

हिशेब कसा, तो समजून घ्या. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप बंद होते. तरी इंजिन चालू राहायला थोडी हवा लागते, ती एका लहान बायपास व्हॉल्व्हमधून ईसीएम मोजून देतो. आरपीएम वाढले तर व्हॉल्व्ह मिटतो, कमी झाले तर उघडतो. आता समजा मॅनिफोल्डला कुठेतरी फट आहे आणि तिथून फुकटची हवा आत येतेय, मिस्त्रींच्या भाषेत इंजिन 'एअर घेतंय'. मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या सिस्टीममध्ये (एस्टीम, जिप्सी या त्या जातीच्या) ही हवा दाबात दिसते. ईसीएम इमानदारीत तिच्या मापाचं पेट्रोल देतो आणि आरपीएम चढतात. ईसीएम बायपास मिटतो. पूर्ण मिटला तरी आरपीएम चढलेलेच. मग त्याला वाटतं, पाय काढलाय आणि इंजिन इतकं फिरतंय, म्हणजे गाडी घाट उतरतेय! घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजेक्टर बंद ठेवायची सोय त्याच्यात असतेच. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम धाडकन पडतात. पडले की पेट्रोल परत सुरू. परत चढले, परत तोडलं. वूंऽऽ, वूंऽऽ.

थंड इंजिनला मुळातच जास्त हवा हवी असते आणि पेट्रोल तोडण्याची मर्यादाही वरची असते, म्हणून सकाळी नाच नाही. आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनवर लोड येतो, आरपीएम त्या मर्यादेच्या खाली राहतात, म्हणून शांत. ईसीएम गेलेला नव्हता. तो बिचारा नेमून दिलेलं काम चोख करत होता. आणि इंजिन उघडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

स्क्रू ढिला केल्यावर सकाळी इंजिन का बंद पडलं, तेही यातूनच कळतं. थ्रॉटलची झडप कारखान्यात ठरवून दिलेल्या जागेच्या खाली गेली, आणि थंड इंजिनाला हवी तेवढी हवा मिळेना. कार्बोरेटरच्या काळात स्लोचा स्क्रू म्हणजे मिस्त्रीचं उजवं बोट होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलच्या स्टॉपरचा स्क्रू तसा नाही. त्याच्यावरून थ्रॉटलचा सेन्सर 'पाय काढलाय' हे ओळखतो. तो हलला की सगळं गणित हललं. कुणी पान्याऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थ्रॉटलकडे निघाला, तर त्याला आधी चहा पाजा आणि बोलण्यात गुंतवा.

आणि ते इथेनॉल?

पंपावरच्या पोराचं अगदीच चूक नाही, म्हणून दोन शब्द. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवातच सांगली जिल्ह्यातली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? केंद्र सरकारनं २००१मध्ये ५ टक्के मिश्रणाचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प घेतले, त्यांतला एक मिरजेचा होता. दुसरा मनमाडचा, तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीकडचा. म्हणजे आपली ही एस्टीम आणि मिरजेचं मिश्र पेट्रोल एकाच वर्षीचं! देशभरात १० टक्क्यांची सरासरी २०२२मध्ये गाठली आणि २० टक्क्यांची २०२५मध्ये. आजूबाजूच्या रानातला ऊस कारखान्यातून फिरून अण्णांच्या टाकीत येतोय.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला साधारण ९. मिश्रण २० टक्क्यांचं झालं की हिशेब १३.५च्या आसपास येतो. जुन्या मापानं पेट्रोल दिलं तर ते कमी पडतं. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ईसीएम हे सावरून घेतो. सेन्सर वीस वर्षांचा म्हातारा असेल तर नाही. मायलेज घटतंच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला कचरा सोडवून फिल्टरपर्यंत आणतं, काही जुन्या रबरी पाइपांना मानवत नाही आणि हवेतलं पाणी ओढतं. इंजिन उतरवलेलं असताना गाडी चार महिने अर्ध्या टाकीवर पावसाळ्यात उभी होती, तेव्हा जुनं पेट्रोल काढून टाकणं आणि फिल्टर बदलणं हे करायलाच हवं होतं. ते केलं. काटा नाचायचा तो नाचतच राहिला. इथेनॉलनं इंजिन एसी लावल्यावर शांत होत नसतं.

मिटर लावा, पण कुठे उभे आहात ते बघा

फट शोधण्याआधी व्हॅक्यूम गेज लावायला सांगितलं. स्वस्तातलं, एका नळीचं मिटर. पुस्तकात लिहिलेलं असतं, धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २१ इंच दाखवतं. दोस्तानं साताऱ्यात लावलं, ते १५ दाखवायला लागलं. याच्या पोटात गोळा!

पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा असतो हो. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० फुटांवर आहे, सांगली १,८०० फुटांच्या आसपास, महाबळेश्वर ४,४०० फुटांच्या वर. म्हणजे साताऱ्यात १५ ते साडेअठरा हे ठीकच. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत तेच इंजिन १३ दाखवेल आणि त्यातही काही बिघडलेलं नसेल. मुंबईच्या मित्राशी आकड्यांची तुलना करून इंजिन उघडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

आकड्यापेक्षा काटा कसा हलतो ते बघायचं. एका जागी स्थिर पण फारच खाली असेल तर टायमिंग बेल्ट एखाद्या दाताने चुकला असण्याचा संशय घ्या. नव्या बांधलेल्या इंजिनात हे होतं. ठरावीक लयीत एकच झटका खाली मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. अण्णांच्या गाडीत एसी लावून, आरपीएम स्थिर करून बघितलं, तर काटा १५वर आणि मधूनच एक बारीक झटका. हा झटका मी वहीत लिहून ठेवायला सांगितला.

राहता राहिला सांगलीचा प्रश्न. मिस्त्रींकडे जायचं की नाही? मी म्हटलं, त्यांच्याकडेच जा, पण 'तुमचं काय चुकलं' विचारायला नको, 'एअर घेतेय, कुठून ते तुम्हीच सांगा' म्हणून जा. अण्णा शनिवारी स्वतः निघाले. कराड, पेठ नाका, तिथून आत सांगली, सगळा रस्ता एसी लावून. मिस्त्री दारातच होते. चहा आला. कुणी कुणाशी फार बोललं नाही.

मग मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, एसी चालू ठेवायला लावला आणि न्हाव्याकडे असते तशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणली. ही युक्ती मला फार आवडते. बरेच जण कार्बोरेटर क्लीनर फवारतात, पण तो भडकणारा पदार्थ, आणि शेजारी तापलेला सायलेन्सर. उदबत्तीचा धूर फिरवणारेही आहेत. पेट्रोलच्या पाइपाशेजारी निखारा नको रे बाबा. पाण्याला तो धोका नाही, फक्त प्लगच्या लीड सांभाळायच्या. फटीवर पाणी पडलं की ते क्षणभर फट बुजवतं आणि आवाज बदलतो.

मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर पाणी मारलं, काही नाही. ब्रेक बूस्टरची नळी, काही नाही. ब्रीदरची नळी, काही नाही. मग मिस्त्रींनी डोळे मिटले. शपथेवर सांगतो, अण्णांनी हे वर्णन तीनदा केलंय. या भागातल्या माणसांचे कान इंजिनांवर पोसलेले आहेत. साताऱ्यात कूपर, इकडे किर्लोस्करवाडी, आणि नदीकाठी ऑइल इंजिनांची फटफट. विहिरीवर कुणाचं इंजिन चाललंय हे आवाजावरून सांगणारी माणसं होती. पलीकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर दोरा केसभर सरकवून ऐकतो, तसे मिस्त्री ऐकत होते. दुसऱ्या नि तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी पाण्याचे दोन थेंब टाकले. बारीक 'स्सऽ' आवाज थांबला, आणि काटा खाली आला.

इंजेक्टर जिथे मॅनिफोल्डमध्ये बसतो तिथे रबराचं सील असतं. वीस वर्षांच्या उष्णतेनं ती सीलं दगड झालेली. ऑनलाइन आलेल्या पॅकिंगच्या सेटमध्ये ती नव्हतीच, म्हणून जुनीच परत बसवलेली. मिस्त्रींनी सेट मागवला असता तर त्यांनी वेगळी मागवली असती. पोरानं आणून दिलं ते त्यांनी बसवलं. "मला वाटलं, नवं नाही दिलं म्हंजे चालतंय," मिस्त्री म्हणाले. अण्णा म्हणाले, "आणि आम्हाला वाटलं, सेट म्हणजे सगळं आलं." दोघं हसले. काही शे रुपयांची सीलं, चारही बदलली. इंजेक्टर काढलेच होते तर वरच्या बाजूचे ओ-रिंगही बदलले. हे विसरू नका, कारण वरची गळती हवेची नसते, पेट्रोलची असते. स्टॉपरचा स्क्रू मूळ जागी आणला, थ्रॉटल बॉडी साफ केली, बॅटरीची वायर काढून ईसीएमला सगळं नव्यानं शिकायला लावलं. काटा ८५०वर येऊन बसला तो बसला.

आता तो वहीतला झटका. नाच गेल्यावर मागे राहिलेली बारीक थरथर जाणवायला लागली. मिस्त्रींनी इंजिन चालू असताना इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढले. पहिला काढला, आरपीएम पडले. दुसरा, पडले. तिसरा काढल्यावर फारसा फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर मुळातच कमी ओढत होता. (हे प्लगची लीड उपसून करू नका. झटका बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लागते.) प्लग बदलून बघितला, तेच.

इथे मिस्त्रींनी जे केलं त्याला माझा सलाम. गाडी रात्रभर थंड व्हायला ठेवली. अण्णांना घरी जेवायला नेलं, मुक्काम तिथेच. सकाळी थंड इंजिनावर फीलर गेज लावून टॅपेट तपासले. नव्या कापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह चालून चालून थोडा आत बसतो, त्यामुळे टॅपेटचा गॅप कमी होतो. तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅप जवळजवळ उरलाच नव्हता. गरम झाल्यावर तो पूर्ण मिटत नव्हता. वेगात काही कळत नाही, आयडलला मात्र तेवढ्या गळतीनं सिलिंडर लंगडतो. असाच ठेवला असता तर काही हजार किलोमीटरमध्ये व्हॉल्व्ह जळाला असता आणि मग खरोखरच हेड उतरवावं लागलं असतं. म्हणून इंजिन बांधल्यावर पहिल्या हजार किलोमीटरला टॅपेट बघायचेच, गाडी कितीही गोड चालू दे. अण्णांची गाडी १,१०० झाली होती आणि भांडणामुळे सांगलीला जाणं राहिलं होतं.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी नव्यानं करावी लागते. म्हणजे २००१च्या गाडीला २०१६, २०२१ आणि आता २०२६. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी १० हजार रुपये झालीय, आणि गाडी तपासणीला उभी करावी लागते ती वेगळीच. पेट्रोल गाडीची पीयूसी आयडलवरच मोजतात. वूंऽऽ वूंऽऽ करणाऱ्या गाडीचा कागद कोण देणार? सांगलीहून परतताना अण्णांनी साताऱ्यात शिरतानाच पीयूसी केली. पहिल्या झटक्यात पास.

दोस्तासाठी दोन कामं शिल्लक आहेत. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलीय, ती खरवडून नीट बसवायची. आणि ऑक्सिजन सेन्सर मूळचाच आहे, तो बदलायचा. या गाडीवर ब्लूटूथचा स्कॅनर चालत नाही, आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं तेच २०१०पासून. चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड वाचायचा. सेन्सर मिस्त्रीच मागवणार आहेत. पोराला सांगितलंय, तू काही मागवू नकोस.